परिसर की घर? घर घेताना कशाला किती वजन द्यावं

घर घेणाऱ्याला जो तो एकच सांगतो: परिसर बघा, घर काय, नंतर सुधारता येतं. हा सल्ला अर्धवट आहे. त्यावर विसंबून लोक चांगल्या वस्तीतल्या कोंदट, ओल्या घरात आयुष्याची पुंजी घालतात. घरातल्या काही गोष्टी पैसे ओतूनही बदलत नाहीत आणि परिसरातल्या काही गोष्टी तुम्हाला न विचारता बदलतात. बदलणारं कुठलं आणि न बदलणारं कुठलं, हे आधी वेगळं केलं की बाकीचा निर्णय बराच सोपा होतो.

बजेट ठरलंय, कागदपत्रं तपासायला कुणीतरी जाणतं माणूस आहे आणि दोन-तीन घरं नजरेत भरली आहेत, असं धरून पुढे सांगतो.

आधी घरच्यांची यादी. प्रत्येकाने वेगळं बसून, आपण काय सहन करू शकणार नाही तेवढंच लिहावं. एकत्र बसलात की मोठ्या आवाजाच्या माणसाची यादी तयार होते.

मग परिसर. एजंट दाखवेल त्या वेळी पाहिलेला परिसर पाहिल्यात जमा नाही. कामाच्या दिवशी सकाळी ऐन गर्दीत जा, रात्री उशिरा जा आणि जोराचा पाऊस होऊन गेल्यावर जा. रस्त्यावर पाणी किती वेळ साचून राहतं, हे विकणारा सांगणार नाही. झोपायच्या खोलीची खिडकी उघडून शांत उभे राहा. रस्त्याच्या रहदारीचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची शिफारस आहे. फोनवरचं मोजमाप अचूक नसतं, पण एकाच फोनने, वेगवेगळ्या दिवशी पण रात्रीच्या त्याच वेळेला सगळी घरं मोजली तर तुलना नक्की होते. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या इमारत उभी राहणार असंच समजून चाला आणि नियोजन कार्यालयात जाऊन तिथे काय मंजूर आहे ते बघा.

आता घर, आणि खरी कसोटी इथे आहे. मलाही हे नीट जमायला बराच काळ लागला, कारण डोळा चुकीच्या गोष्टींवर जातो. जुनाट फरशी, उडालेला रंग, कळकट स्वयंपाकघर बघून माणूस मागे फिरतो. वास्तविक हे सगळं काही आठवड्यांत बदलतं. अशा घराला गिऱ्हाईक कमी, म्हणून भावही नरम असतो. उलट ताज्या रंगाचा वास येणारं चकचकीत घर असेल तर मी जास्त वेळ थांबतो. एकाच भिंतीला नवा रंग असेल तर तो आत्ताच का दिला, हे विचारल्याशिवाय तिथून हलू नका.

ओल बघताना ती कुठून येते ते ओळखा, कारण सगळा खर्च त्यावर ठरतो. जमिनीतून चढणारी ओल तळमजल्याच्या भिंतीत खालून साधारण मीटरभर येते आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा खार फुटतो. हात फिरवला की तो पिठासारखा बोटांना लागतो. त्यावर नुसतं नवं प्लास्टर केलं तर तेही पोपडे धरतं. छतावर गोल, पिवळसर कडेचा डाग असेल तर गळती वरच्या पाइपची किंवा गच्चीची. वर दुसऱ्याचं घर असेल, तर दुरुस्ती तुमच्या खिशापेक्षा त्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. कोपऱ्यातली काळी बुरशी बहुतेकदा हवा खेळत नसल्याची खूण असते. खिडकी वाढवता येत असेल तर ठीक, नाहीतर ते घर तसंच राहणार.

भेगांचंही तसंच. प्लास्टरवरची केसासारखी बारीक रेघ सोडून द्या. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग पाया खचत असल्याची शंका घ्यायला पुरेशी आहे, विशेषतः त्याच खोलीचं दार चौकटीत अडत असेल तर. बीम किंवा स्लॅबचं काँक्रीट सुटून तांबूस सळी दिसत असेल, तर आतलं लोखंड गंजून फुगतंय आणि काँक्रीटला बाहेर ढकलतंय. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे मोजून आणा. 'सगळ्याच जुन्या घरांना असं असतं' असं म्हणणाऱ्या माणसाचं ऐकू नका, मग तो कितीही आपुलकीने बोलो.

उजेड, छताची उंची, खोल्यांची मूळ मांडणी आणि घराचं तोंड या गोष्टी, विशेषतः फ्लॅटमध्ये, मी परिसराइतक्याच पक्क्या धरतो. दिवसा दिवे लावून दाखवत असतील तर ते बंद करायला सांगा.

नंतर हिशोब. फक्त दुरुस्त होणाऱ्या गोष्टींचा अंदाज कारागिराकडून लेखी घ्या आणि घराच्या किमतीत मिळवा. दूरच्या घराच्या बाजूला प्रवास लिहा, पण तासांत. जाता-येता प्रत्येकी २५ मिनिटं जास्त लागत असतील आणि वर्षाला २४० दिवस कामाला जात असाल, तर ते २०० तास होतात, म्हणजे आठ तासांचे २५ दिवस. बैठकीची खोली मोठी हवी म्हणून दरवर्षी एवढे दिवस द्यायची तयारी आहे का, हे जो प्रवास करणार त्यानेच सांगावं. घरून काम करणाऱ्याच्या बाबतीत हा आकडा जवळजवळ शून्य होतो आणि उजेड-शांततेचं वजन वाढतं. म्हणून दुसऱ्याचं उत्तर उचलू नका.

शेवटी निवड. ज्या घरात न बदलणारा दोष कुणाच्याही यादीत बसतो, ते घर परिसर कितीही चांगला असला तरी बाद. उरलेल्यांत परिसर सरस असलेलं, पण दिसायला जुनाट घर मी घेईन. दुरुस्तीचा लेखी अंदाज किंमत ठरवताना विकणाऱ्यापुढे ठेवा. एकही घर उरलं नाही, तर बयाणा देऊ नका आणि शोध चालू ठेवा.