पायथनची नवी आवृत्ती आली? आता तरी या चुका टाळा

३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, पायथन या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते. मे महिन्यात पहिली बीटा, म्हणजे चाचणीची प्रत, निघाली की नवीन काही घालायचं बंद. मग पावसाळाभर फक्त दुरुस्त्या, त्यानंतर रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळजवळ पक्की प्रत, आणि शेवटी अंतिम प्रत. सगळ्या तारखा खूप आधी जाहीर झालेल्या असतात. तरीही दर दिवाळीच्या सुमारास मला येणारे मेसेज ठरलेलेच. एकदाचं लिहून टाकतो.

सिस्टीमचा पायथन बदलणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच. उबुंटू या लिनक्स सिस्टीमच्या २२.०४ सोबत पायथन ३.१० येतो, २४.०४ सोबत ३.१२. तो तुमच्या प्रोजेक्टसाठी दिलेला नसतो. सिस्टीमची स्वतःची कितीतरी कामं त्याच्यावर चालतात.

पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसात नव्यानेच लागलेल्या मुलाने कुठलासा व्हिडिओ बघून २२.०४ वर नवा पायथन टाकला. तिथवर ठीक होतं. पण नंतर त्याने 'पायथन-थ्री' हे सिस्टीमचं नावच नव्या आवृत्तीकडे वळवलं. नवा नंबर दिसला, गडी खूश. थोड्या वेळाने डेस्कटॉपवरचं टर्मिनल उघडेना. दुसऱ्या वाटेने आत शिरून 'ॲप्ट अपडेट' चालवलं (ॲप्ट म्हणजे उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवणारं-काढणारं साधन), तर शेवटी 'ॲप्ट-पीकेजी' मॉड्यूल सापडत नाही असा एरर. सापडणार कसं? ते मॉड्यूल सी मध्ये लिहिलेलं, ३.१० साठी कंपाइल केलेलं. नव्या पायथनला ते दिसतच नाही.

इथे थांबून विचारलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. नाव परत ३.१० कडे वळवायचं, संपलं. पण त्याने ठरवलं की जुन्या पायथनमुळेच गोंधळ होतोय, आणि जुना काढून टाकायची आज्ञा दिली. ॲप्टने काय काय उडणार त्याची लांबलचक यादी दाखवली. त्याने 'वाय' दाबलं. मग मला फोन: "दादा, नुसती काळी स्क्रीन येतेय." संध्याकाळ मशीन नव्याने बसवण्यात गेली. त्या व्हिडिओखाली शेकड्याने 'थँक यू' पडलेले होते, हे मला जास्त लागलं.

माझी सवय साधी आहे. सिस्टीमच्या पायथनला हात लावत नाही. दुसरी आवृत्ती हवी तर पायएनव्ही किंवा युव्ही या साधनाने शेजारी बसवतो आणि प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा, करतो. डेबियन लिनक्स १२ पासून पायथनची पॅकेजेस बसवणारं पिप स्वतःच अडवतं, हे एन्व्हायर्न्मेंट बाहेरून सांभाळलं जातंय असं सांगतं. त्यावर लोक काय करतात? 'ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' हा पर्याय कुठून तरी कॉपी करून जोडतात. अडवलं का, हे वाचायला दहा सेकंदही नसतात.

वॉर्निंग न बघणं आणि मग 'न सांगता मोडलं' म्हणून ओरडणं

मॅपिंगसारखे ॲबस्ट्रॅक्ट क्लास थेट 'कलेक्शन्स' मॉड्यूलमधून न घेता 'कलेक्शन्स डॉट एबीसी' मधून घ्या, हे ३.३ पासून सांगितलं जात होतं. ती आवृत्ती २०१२ ची. जुनी वाट बंद झाली ३.१० मध्ये, २०२१ साली. खरं तर ३.९ मध्येच बंद व्हायची होती, पण बरीच पॅकेजेस मोडतील म्हणून आणखी एक वर्ष थांबले. नऊ वर्षं! एवढी मुदत आपल्याकडे भाडेकरूलाही मिळत नाही. तरी ३.१० आल्यावर 'पायथनवाले कोणाला विचारत नाहीत' हे ऐकावं लागलंच.

यात एक गोम मात्र आहे. डेप्रिकेशनच्या, म्हणजे 'हे पुढे बंद होणार' अशा, वॉर्निंग पायथन बहुतेक वेळा लपवतो. थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधल्या दिसतात, इंपोर्ट केलेल्या मॉड्यूलमधल्या नाहीत. म्हणून मी टेस्ट चालवताना 'डॅश कॅपिटल डब्ल्यू एरर' लावतो. प्रत्येक वॉर्निंग तिथेच एरर होऊन पडते. पहिल्यांदा कटकट होते, दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररीतल्याही वॉर्निंग निघतात, पण ऑक्टोबर शांततेत जातो. पायथनसोबत येणाऱ्या मॉड्यूलांपैकी डिस्टयुटिल्स ३.१२ मध्ये गेलं, सीजीआय आणि टेलनेटलिब ३.१३ मध्ये. तिन्ही आधी सांगून.

बाकीच्या, थोडक्यात

३.१० ही दशांश संख्या नाही. यामल या सेटिंगच्या फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिली तर ती ३.१ होते आणि बिल्ड कोसळतो.

पहिल्याच दिवशी प्रॉडक्शनवर चढवू नका. तुमच्या सगळ्या लायब्ररींची तयार व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस, तेव्हा आलेली नसतात, मग पिप सोर्समधून कंपाइल करायला जातं आणि पानभर लाल अक्षरं येतात. घाईच असेल तर रिलीज कँडिडेट टेस्ट मशीनवर चालवा. त्यापुढे एबीआय, म्हणजे कंपाइल केलेली मॉड्यूल ज्यावर जुळतात ती रचना, बदलत नाही, आणि सापडलेला बग तेव्हाच कळवला तर अंतिम प्रतीआधी सुटूही शकतो. ही घाई कुणी करत नाही, ते वेगळं.

जुन्या आवृत्तीचा ताजा विंडोज इन्स्टॉलर सापडत नाही म्हणून भलत्या साइटवरून उतरवू नका. प्रत्येक आवृत्तीला एकूण पाच वर्षं आधार असतो. ३.१३ पासून पहिली दोन वर्षं सगळ्या दुरुस्त्या, पुढची तीन फक्त सुरक्षेच्या, आणि त्या काळात नुसता सोर्स निघतो. इन्स्टॉलर मुद्दामच नसतो.

मदत मागण्याची पद्धत

पायथनचे जनक खिदो फान रोसम २०१८ मध्ये बाजूला झाले; २०१९ पासून निवडून आलेली पाच जणांची स्टिअरिंग काउन्सिल पायथन चालवते. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन मोजक्या डेव्हलपरना पगार देतं. बाकी बरेच लोक आपलं घरदार सांभाळून हे करतात. त्यांना 'अर्जंट' लिहून, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो चिकटवून काय मिळणार? मजकूर मजकूर म्हणूनच पाठवा. कोड कापत कापत दहा ओळींवर आणा. निम्म्या वेळा तो कापतानाच चूक सापडते. पांडाजसारख्या वेगळ्या लायब्ररीचा बग पायथनच्या ट्रॅकरवर टाकू नका. सुरक्षेतलं भोक सापडलं तर उघड्यावर इश्यू न करता सुरक्षा टीमला खाजगीत कळवा. आणि '३.१२ मध्ये हे फीचर घाला ना' म्हणून मागे लागू नका. निघालेल्या आवृत्तीत नवं काही येत नाही.

२.७ वर अजून अडकलेल्यांसाठी: मूळ मुदत २०१५ ची होती, ती २०२० पर्यंत वाढवली, आणि शेवटची २.७.१८ त्या एप्रिलमध्ये निघाली. तुमचं काम मी करेन, पण पैसे घेऊन.