स्क्रीन रीडरची सेटिंग्ज वाचणारी स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडली, तर

परभणीत एका वाचनालयातील दृष्टिहीन वाचकांच्या दोन संगणकांवरील एनव्हीडीए या, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरची सेटिंग्ज ताडून पाहण्यासाठी मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली, तेव्हा विभागाचे शीर्षक नसल्याची त्रुटी दाखवून ती पहिल्याच ओळीला थांबली. कारण असे की, ‘एनव्हीडीए डॉट आयएनआय’ या सेटिंग्जच्या फाइलच्या आरंभीचे ‘स्कीमाव्हर्जन’ हे मूल्य कोणत्याही विभागात नसते आणि पायथनसोबत येणाऱ्या, अशा फाइली वाचणाऱ्या कॉन्फिगपार्सरला एरवी ते चालत नाही. शिवाय दुहेरी चौकटी कंसांतील उपविभाग, उदाहरणार्थ ‘स्पीच’खालचा ‘ईस्पीक’, कोणाच्या पोटातला आहे हेही त्याला कळत नाही. फाइलची मोडतोड करण्यापेक्षा एनव्हीडीए स्वतः वापरते ती कॉन्फिगऑब्ज ही पायथन लायब्ररी घ्यावी आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट द्यावे.

या लायब्ररीची एक खोड मात्र आहे: फाइल सापडली नाही, तरी ती तक्रार न करता रिकामा संच हाती देते, म्हणून ‘फाइल एरर’ हा पर्याय ‘ट्रू’ ठेवावा. संगणकावर स्थापित केलेल्या प्रतीची फाइल वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’मधील ‘रोमिंग’खाली ‘एनव्हीडीए’ फोल्डरमध्ये, तर पेनड्राइव्हवरील प्रतीची ‘यूजरकॉन्फिग’मध्ये असते. चाचणी फाइलच्या नकलेवरच करावी, कारण एनव्हीडीए बंद होताना मूळ फाइल पुन्हा लिहू शकते.