पोरांचं वीज-शिबिर घ्यायचंय? आधी २६ जानेवारी धरा

वीज कंपनीतून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर अमळनेर-पारोळा पट्ट्यात मी पोरांची चार वीज-शिबिरं घेतली, म्हणजे गावची वीज पोरांनीच बघायची, समजून घ्यायची आणि तक्रार तडीस न्यायची. पहिलं साफ फसलं. पाच पाहुणे, पाच भाषणं, त्यात दीड तास ‘नेतृत्व म्हणजे काय’. मागच्या रांगेतली पोरं भिंतीला टेकून झोपली. तो दीड तास बोलणारा मीच होतो, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

त्यानंतर कळलेलं सांगतो.

तारीख आधी ठरवा. दिवाळीच्या आगेमागे निम्मी पोरं कापूस वेचायला जातात. मार्चमध्ये वीज कंपनीची माणसं वसुलीत असतात, तेव्हा फोनसुद्धा उचलत नाहीत. मीही उचलत नव्हतो. म्हणून २३ ते २५ जानेवारी. २६ला ग्रामसभा असते आणि शिबिराचा अहवाल पोरांनी तिथेच वाचायचा. सगळ्या गावासमोर वाचायचंय म्हटल्यावर पोरं आपोआप नीट काम करतात. जवळच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिर असतंच. कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा आणि त्यातले शेवटचे तीन दिवस विजेसाठी मागून घ्या.

आता खर्च. अमेरिकेत खेड्यापाड्यांच्या वीज सहकारी संस्था आहेत, ग्राहकच त्यांचे मालक. १९५७ साली लिंडन जॉन्सन (तेव्हा सिनेटर, पुढे राष्ट्राध्यक्ष) या संस्थांच्या शिकागोच्या अधिवेशनात म्हणाले, पोरांना राजधानी दाखवा. त्यातूनच पुढे या संस्था स्वतःच्या खर्चाने गावच्या मुलांना वॉशिंग्टनला नेऊ लागल्या. आपल्याकडे श्रीरामपूरला मुळा-प्रवरा ही तशी संस्था होती. खान्देशात तसं काही नाही. त्यामुळे कंपन्यांकडे मागावं लागतं. गंमत बघा, वीज कायदा २००३चं कलम १३५ म्हणजे वीजचोरी, आणि कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ म्हणजे सीएसआर, कंपन्यांनी नफ्यातला वाटा समाजकामाला देणं. नोकरीभर मी पहिल्या कलमापायी लोकांच्या दारात गेलो, आता दुसऱ्यापायी जातो. दुसऱ्या वेळी निदान चहा मिळतो. एक मात्र सांभाळा: रोख मागू नका, गाडी मागा. एका दिवसाची बस आणि पंचवीस डबे, एवढंच पत्रात लिहा. बाकी जेवण गाव घालतं. जानेवारीत भरताची वांगी आणि कळण्याची भाकर असली की वाढणारे हात कमी पडत नाहीत.

बस न्यायची कुठे? भुसावळजवळचं दीपनगर औष्णिक केंद्र मोठं आहे, ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत, पण परवानगीला वेळ लागतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, तिथे पोरांना पटकन समजतं. दोन्ही जमलं नाही तर हळहळू नका. गावाजवळचं ३३/११ केव्हीचं उपकेंद्र, म्हणजे विजेचा दाब उतरवून गावांकडे सोडणारं ठिकाण, पुरतं. महिनाभर आधी उपविभागाच्या उपकार्यकारी अभियंत्यांना लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेऊन या. पालकांची संमतीपत्रं सोबत ठेवा. एका वेळी बारा-पंधराच पोरं, पायात बंद बूट, हातात काठी, छत्री, सळई काही नाही. कुंपणाच्या आत कर्मचारी सांगेल तिथेच उभं राहायचं.

खरं शिबिर गावात होतं. पाच-पाच जणांचे गट करा. गटप्रमुख चिठ्ठीने काढा आणि रोज बदला, नाहीतर तिन्ही दिवस सरपंचांचा भाचाच पुढारी राहतो. मुलींचा गट वेगळा करू नका, मात्र काम दिवसाउजेडी आटपा.

एका गटाने गावातल्या सगळ्या डीपी (ट्रान्सफॉर्मर) लिहून काढायच्या: क्रमांक, पेटीचं दार आहे का, वेल चढलाय का, खांब कललाय का. दहा फुटांवरून बघायचं, हात लावायचा नाही, खांबाला ताण देणाऱ्या ताणतारेलासुद्धा नाही. चोरून वीज घ्यायला तारेवर टाकलेले आकडे मात्र लिहायला लावू नका. मी एकदा ती चूक केली, संध्याकाळी पोरांना कोणी पाणी विचारेना.

दुसऱ्या गटाने यादीतली एकच तक्रार घ्यायची आणि शेवटाला न्यायची. वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर फोन, तक्रार क्रमांक वहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, मग लेखी अर्ज. ग्रामीण भागात जळालेली डीपी बदलायला वीज नियामक आयोगाच्या मानकांत ४८ तास दिलेले आहेत. हे माहीत असलेलं पोरगं फोनवर वेगळ्या आवाजात बोलतं. पहिल्यांदा बहुतेकांची बोबडी वळते, वळू द्या. तुम्ही फोन हातात घेऊ नका.

तिसऱ्या गटाकडे घरोघरी बिल वाचून दाखवायचं काम. एका आजीने नातीला विचारलं, ‘वहन आकार म्हंजे काय ओ माय?’ पोरीला सांगता येईना. रात्रभर ते तिच्या डोक्यात होतं. सकाळी अभियंता साहेब गाडीतून उतरायच्या आत तिने गाठलं आणि उत्तर घेऊनच सोडलं. कारखान्यात तयार झालेली वीज तारांवरून घरापर्यंत आणायचं भाडं, असं तिने आजीला सांगितलं. माझ्या दीड तासात असलं काही झालं नव्हतं.

पंचविसाच्या रात्री अहवाल दोन पानांत बसवा. त्यात फक्त जागा, अडचण, तक्रार क्रमांक आणि तारीख. वाचणारा पोरांनीच निवडावा. मूळ प्रत ग्रामपंचायतीत द्या, झेरॉक्सवर पोच घ्या आणि ती झेरॉक्स पोरांकडेच राहू द्या. पंधरा दिवसांनी ती घेऊन त्यांना उपविभागात पाठवा. तुम्ही बाहेर टपरीवर थांबा.