गूळ-आगळाच्या गोड-तिखट रसात सुरमई

या रसाला घट्ट मांसाचाच मासा हवा: सुरमई, घोळ किंवा रावस. बोंबील, मांदेली इथे टिकत नाहीत. दापोलीजवळच्या हर्णै बंदरात लिलावात घ्या, नाहीतर रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर. मधल्या भागाचे, काटा काढलेले, बोटाएवढ्या जाडीचे काप मागा. शेपटाकडचा पातळ भाग आधी शिजून कोरडा पडतो. काट्यासकट गोल तुकड्याही चालतील, फक्त मिनिटभर जास्त लागतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फातली सुरमई घ्यावी लागते. ती रात्रभर फ्रीजमध्येच सुटू द्या. गरम पाण्यात टाकली की बाहेरून शिजते आणि आत दगड राहते.

अर्धा किलो माशाला अर्धा चमचा हळद, पाऊण चमचा मीठ आणि एक चमचा आगळ (कोकमाचा दाट, खारट रस) चोळून पंधरा मिनिटं ठेवा. तासभर ठेवलात तर आंबटाने वरचा थर भुसभुशीत होतो.

आता रस. आठ बेडगी आणि दोन लवंगी मिरच्या बिया काढून कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. आठ लसूण पाकळ्या, बोटभर आलं आणि एक चमचा धणे घालून अगदी गंधासारखं वाटा. भरड राहिलं तर रस माशाला धरत नाही. (तिरफळं बांगड्याला शोभतात, इथे गुळाशी भांडतात.) दोन मोठे चमचे तेलात वाटण मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परता. कडेने तेल सुटेपर्यंत घाई नको, नाहीतर कच्च्या लसणाचा वास शेवटपर्यंत जात नाही. मग पाऊण कप पाणी, दोन मोठे चमचे आगळ आणि 40 ग्रॅम चिरलेला गूळ. गूळ पाण्याच्या आधी तेलात पडला तर करपतो, आणि तो कडूपणा कशानेच झाकत नाही. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतपतच आटवा. गार होताना गुळामुळे रस आणखी दाटतो. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून, कारण आगळात ते आधीच असतं. नारळाचं दूध घालायचा मोह आवरा, आंबट उकळीत ते फाटतं.

माशाला सुटलेलं पाणी टिपून घ्या. ही पायरी गाळली की काप तव्याला चिकटतात आणि दोष तव्याला जातो. तांदळाच्या पिठात हलके घोळवून जादा पीठ झटका. तवा चांगला तापल्यावर तेल सोडा, काप ठेवा आणि हात लावू नका. अडीच-तीन मिनिटांत खालची बाजू आपोआप सुटते, तेव्हा एकदाच उलटा. दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं पुरे, मधोमध किंचित कच्चं राहिलं तरी चालेल.

रस मंद गॅसवर गरम असतानाच काप आत सोडा. डाव घालायचा नाही. कढईचे कान धरून हलवा, वरून चमच्याने रस ओता. दीड-दोन मिनिटांत गॅस बंद, झाकण ठेवून पाच मिनिटं मुरू द्या. जास्त उकळलं तर सुरमई चामट होते.

सोबत घावणे किंवा पांढरा भात. रसात आगळ आहेच, त्यामुळे सोलकढी त्या दिवशी नको, साधं वरण जास्त जमतं. उरलं तर काप बाजूला काढून रस तेवढा उकळा, मग काप त्यात ठेवून फक्त गरम होऊ द्या.