चेल्टनहॅमला नवीन आलात? हे वाचा

बँक, जीपीकडे (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी, काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) ही कामं पहिल्या पंधरा दिवसांत उरकून टाका, त्याबद्दल सगळेच सांगतात. मी दुसरंच सांगते. नोव्हेंबर संपता संपता चारलाच अंधार पडायला लागतो, आणि त्यात घरात बसून राहिलं की घरची आठवण अक्षरशः खायला उठते, माझा पहिला हिवाळा असाच गेला. या गावात संगीत भरपूर आहे, त्याच्या नादी लागा.

सुरुवात क्लॅरेन्स रोडवरच्या ४ नंबरच्या घरापासून करा. गुस्ताव होल्स्ट हा संगीतकार १८७४ मध्ये तिथे जन्मला, आता तिथे म्युझियम आहे (रोज उघडं नसतं, वार बघून जा). त्याचा पियानो आत ठेवलाय, 'द प्लॅनेट्स' ही ऑर्केस्ट्रासाठीची रचना त्याने बरीचशी त्यावरच केली. पण आपल्यासाठी खरी गोष्ट पुढेच आहे. ऋग्वेदाची इंग्रजी भाषांतरं त्याला पटेनात म्हणून हा माणूस लंडनमध्ये संस्कृत शिकला, स्वतः भाषांतर करून त्या ऋचांना चाली लावल्या, आणि १९०८ मध्ये चक्क 'सावित्री' नावाचा ऑपेरा लिहिला, आपलीच सावित्री! पात्रं तीनच, सावित्री, सत्यवान आणि मृत्यू, जेमतेम अर्ध्या तासाचा. सुरुवातीला वाद्य एकही नाही, पडद्याआडून नुसता मृत्यूचा आवाज येतो. मी तो पहिल्यांदा वटपौर्णिमेला हेडफोन लावून ऐकला, आजूबाजूला वड कुठला असायला, पण अंगावर काटा आला.

मेच्या सुरुवातीला माँटपेलिअर गार्डन्समध्ये जॅझ फेस्टिव्हल असतो, आणि जुलैतला म्युझिक फेस्टिव्हल तर १९४५ पासूनचा आहे. पिटव्हिल पंप रूममध्ये (जुन्या स्पाची घुमटाची इमारत) एक तरी कार्यक्रम ऐकाच, त्या घुमटाखाली व्हायोलिन फार गोड वाजतं. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा ब्रायन जोन्स पण इथलाच, त्याची कबर इथल्या स्मशानभूमीत आहे.

आणि जमलं तर एखाद्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, जा, ऑडिशन न घेणारे पण असतात. मला नोटेशन अजिबात वाचता येत नव्हतं, शेजारच्या आजी स्वतः गाता गाता माझ्या कागदावर बोट फिरवायच्या, आता कुठे आहोत ते दाखवायला. मधल्या सुट्टीत चहा-बिस्किटं मिळतात, तेव्हा लगेच घरी पळू नका, माझ्या इथल्या पहिल्या ओळखी त्या चहावरच झाल्या.