वजाचं चिन्ह नेमकं कुठे लागतं?

वह्या तपासताना दोन विद्युत प्रभारांमधलं बल काढायचं कूलॉमचं सूत्र चुकलेलं मला क्वचितच दिसतं. घोळ होतो तो त्याआधी. म्हणून माझा हट्ट असतो: आधी दोन गोळे काढा, आत प्रभार लिहा, केंद्रं जोडा, मग सूत्राला हात घाला.

धातूचे दोन एकसारखे गोळे घ्या. त्रिज्या १ सेमी, प्रभार +६ आणि −२ नॅनोकूलॉम, मधली फट २८ सेमी. अंतर २८ धरलंत तर फसलात. ते केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजायचं, म्हणजे दोन्ही त्रिज्या मिळवून ३० सेमी. लगेच ०.३ मीटर करून टाका. अंतराचा वर्ग होत असल्याने सेंटीमीटर तसेच राहिले तर उत्तर दहा हजार पटींनी घसरतं. याच चुकीने मीही एकदा मार्क घालवलेत.

आता १७८५ सालचा कूलॉमचा नियम: प्रभारांचा गुणाकार भागिले अंतराचा वर्ग, गुणिले ९ × १० चा ९वा घात. इथे चिन्हं घालू नका, नुसते ६ आणि २ घ्या. नॅनो म्हणजे १० चा −९वा घात; दोन नॅनोंचा मिळून घात −१८, त्यात ९ मिळवले की उरतो −९. वर ९ × १२ = १०८, खाली ०.०९, भागाकार १२००. हजार नॅनोंचा एक मायक्रो, म्हणजे बल १.२ मायक्रोन्यूटन. चिन्हं विरुद्ध, म्हणून आकर्षण.

गोळे एकमेकांना टेकवून परत त्याच जागी ठेवले तर? इथे मात्र चिन्ह हवंच. बरीच मुलं ६ आणि २ मिळून ८ करतात आणि तिथेच गणित फसतं. एकूण प्रभार +४, प्रत्येकाला +२. ही समान वाटणी गोळे एकाच मापाचे म्हणून. मापं वेगळी असतील तर निम्मं-निम्मं करू नका. नवं बल ०.४ मायक्रोन्यूटन, आणि आता प्रतिकर्षण.

आकडे नॅनोतच का, असं कुणी तरी विचारतंच. पुस्तकी गणितं एवढ्याशा गोळ्यावर खुशाल मायक्रोकूलॉम बसवतात. प्रत्यक्षात सुमारे ३३ नॅनोकूलॉमला पृष्ठभागावरचं विद्युत क्षेत्र मीटरला ३० लाख व्होल्टपर्यंत पोचतं आणि हवेचाच टिकाव लागत नाही, प्रभार निसटू लागतो.

फट दोन-तीन सेंटीमीटरच असेल तर या सूत्रावर विसंबू नका. धातूत प्रभार सरकतात. विरुद्ध प्रभार समोरासमोर येतात, त्यामुळे खरं आकर्षण गणितापेक्षा जास्त भरतं. आपले +२, +२ वाले गोळे जवळ आणले तर प्रभार पाठीमागे सरतात आणि प्रतिकर्षण कमी भरतं.