ग्वाल्हेरचा किल्ला, सोळा पिक्सेलच्या चौकोनांत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून किल्ला दिसतो. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना ठरवलं, याच किल्ल्यावर गेम करायचा. वरून दिसणारा, टाइलचा, जुन्या धाटणीचा रोल-प्लेइंग गेम: एक मुलगी किल्ल्यावर फिरते, लोकांशी बोलते, त्यांची कामं करून देते. दोन वर्षं झाली, गेम अजून अपुरा आहे. पण असा गेम करायला तुम्ही बसणार असाल, तर मी कुठे अडले ते तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं बरं.

टाइल म्हणजे काय, हे मला किल्ल्यावरच्या मानमंदिर या महालासमोर उभं राहून कळलं. त्याच्या भिंतीवरच्या निळ्या पट्ट्यात पिवळ्या बदकांची रांग आहे. एकच बदक पुन्हा पुन्हा मांडून अख्खी भिंत सजवली आहे. गेममध्येही तेच. मोठं चित्र काढायचंच नाही. १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन काढायचे आणि नकाशात नुसते त्यांचे नंबर ठेवायचे. फॅमिकॉम या जुन्या गेम-यंत्राचा पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा होता आणि तोही ८ बाय ८ च्या टाइलनी भरायचा: आडव्या ३२, उभ्या ३०. मेमरी इतकी तोकडी असायची की नंबर साठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आज मेमरी भरपूर आहे, तरी एकट्याने काम करणाऱ्याला हीच पद्धत परवडते.

मी पायगेम (पायथॉनमध्ये गेम लिहायची लायब्ररी) घेतलं आणि नकाशे ‘टाइल्ड’ या मोफत एडिटरमध्ये बनवले. आतलं सगळं समजून घ्यायचं असेल तर हा रस्ता चांगला. गेम पुरा करणं हाच हेतू असेल तर सरळ गोडो हे गेम इंजिन घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. टाइलचा नकाशा, भिंतीची अडवणूक, कॅमेरा, सगळं त्यात तयार मिळतं.

पहिला नकाशा कोडमधून उघडला तेव्हा माझा मावसभाऊ शेजारी बसला होता. म्हणाला, “ताई, इथे तर सगळीकडे दारंच दारं आहेत गं!” खरंच, जिथे भिंत हवी तिथे दार आणि जिथे गवत तिथे दगड. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. टाइल्डच्या नकाशात ० म्हणजे रिकामी जागा. त्यामुळे पहिल्या टाइलसेटची, म्हणजे टाइलच्या संचाची, पहिली टाइल नकाशात १ होते, पण माझ्या यादीत तीच टाइल ० व्या जागी होती. सगळं एका घराने सरकलं होतं. आधी ० असेल तर सोडून द्यायचं, नाहीतर टाइलसेटचा सुरुवातीचा नंबर वजा करायचा. दोन ओळींत काम झालं. आणि एखादी टाइल आडवी उलटवून वापरली की नंबर एकदम दोन अब्जांच्या पुढे जातो. घाबरू नका. उलटवल्याची खूण सगळ्यात वरच्या बिटमध्ये ठेवलेली असते, ती आधी काढून घ्यायची.

शून्याने अडवलं तेही ग्वाल्हेरात, हे मला फार आवडलं. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेले आहेत: १८७ बाय २७० हात बाग आणि देवाला रोज ५० माळा. माझ्या गेमची गोष्ट मला तिथेच मिळाली. बागेतल्या माळ्याला संध्याकाळच्या आत ५० माळा पुऱ्या करायच्या आहेत, आणि नायिका त्याला मदत करते.

किल्ल्यावरच्या सूरजकुंड या तळ्याचे काठ मी आधी हाताने लावत होते. तसं करू नका. प्रत्येक पाण्याच्या टाइलने चार शेजारी बघावेत: वर पाणी असेल तर १, उजवीकडे २, खाली ४, डावीकडे ८, आणि बेरीज करावी. उजवीकडे आणि खाली पाणी असेल तर ६, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्याचा काठ. सोळा टाइल काढल्या की कुठल्याही आकाराचं कुंड आपोआप बनतं. नायिका खांबाच्या मागे जावी यासाठी सगळ्यांना पावलांच्या पडद्यावरच्या जागेनुसार वरून खाली क्रम लावून काढायचं आणि धडकही फक्त पावलांपुरती तपासायची, नाहीतर ती भिंतीपासून हातभर लांबच अडते.

मोठी चूक मात्र वेगळीच. मी आधी २०० बाय २०० चा अख्खा किल्ला मांडला, म्हणजे ४०,००० टाइल, आणि सेव्ह सगळ्यात शेवटी करायचं ठरवलं. तोवर कुठलं दार उघडलं, कोण काय बोललं, ही माहिती प्रत्येक नकाशाच्या कोडमध्ये विखुरली होती. सेव्ह लिहायला घेतलं आणि एकेक धागा ओढावा तशी सगळी वीण सुटत गेली. आता सगळ्या घटना एकाच डिक्शनरीत (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या यादीत) आहेत, ‘माळ्याला_भेटली’ अशा नावांनी. फाइलमध्ये ती डिक्शनरी, नकाशाचं नाव, नायिकेची जागा आणि फाइलचा व्हर्जन नंबर एवढंच जातं. तुम्ही एक खोली, एक दार, एक माणूस आणि सेव्ह, एवढं चालू झाल्याशिवाय दुसरा नकाशा उघडूच नका.

दुसऱ्याच्या टाइल वापरल्या तर लायसन्स त्याच दिवशी लिहून ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सांपैकी सीसी-झिरो असेल तर बंधन नाही. सीसी-बाय-एसए असेल तर नाव द्यावं लागतं आणि त्यात केलेले बदलही त्याच अटींवर खुले ठेवावे लागतात. मी नोंद ठेवली नव्हती, म्हणून झाडांचा एक पूर्ण संच काढून पुन्हा स्वतः काढला.

इंटर्नशिपच्या मुलाखतीत मी हाच अपुरा गेम चालवून दाखवला. प्रश्न आले ते धडक कशी तपासता आणि सेव्ह का बदललं यावर, आणि दोन्हींवर मला भरभरून बोलता आलं.

सध्या बाग, चतुर्भुज मंदिर आणि चढाचा रस्ता एवढं चालतं. माळी १९ माळा घेतो आणि विसाव्या माळेला पुन्हा पहिलाच संवाद सुरू करतो. या रविवारी तेच बघायला बसणार आहे.